पहिलीचे वर्ष आणि घरची मराठी

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की मंडळाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. नातू किंवा नात पहिलीत जाणार असते, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते, आणि आई-वडील विचारतात, "मराठी लिहाय-वाचायला केव्हापासून लावावे? आत्ताच लावले तर गोंधळ तर होणार नाही ना?" आम्ही यावर तोंडी बरेच बोललो आहोत. या वर्षी जरा नीट लिहून ठेवावे असे ठरले. आमच्यापैकी बहुतेक निवृत्त मंडळी आहेत, कोणी बँकेतले, कोणी वीज मंडळातले. शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या दोघीच. तेव्हा हा लेख शिक्षणतज्ज्ञांचा नाही, पण बरीच वर्षे रविवारचा मराठी वर्ग चालवून जे कळले ते यात आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर इकडच्या मराठी मुलाला पहिलीच्या वर्षात शाळाच मराठी वाचनाची बहुतेक सगळी सामग्री देते, कारण हिंदीची आणि मराठीची लिपी एकच. राहते ते थोडके. पण ते थोडके त्याच वर्षाच्या शेवटी भरून काढले नाही, तर मूल मराठी वाचते हिंदीच्या उच्चाराने, आणि मग त्याला आपले वाचणे आजीच्या बोलण्यासारखे वाटतच नाही. तिथे वाचन सुटते.

पहिलीत आता काय शिकवतात

पहिली म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे दगडी पाटी, पेन्सिल, ओले फडके आणि अंकलिपी येते. आमच्या वडिलांच्या पिढीने तर धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवली होती. श्री पासून सुरुवात, मग अ आ इ ई क्रमाने, मग बाराखडी, आणि दुपारी एका सुरात पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पुढच्या इयत्तांत. अर्थ नंतर कळे, आधी पाठ होई. इंदुरात तेव्हा मराठी माध्यमाच्या शाळा होत्या, आम्ही त्यातल्याच एकीत शिकलो. आज नातवंडांच्या वह्या पाहून अनेक आजोबा अस्वस्थ होतात. "चार महिने झाले, अजून क ख ग घ क्रमाने येत नाही!" त्यांच्यासाठी थोडा खुलासा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वय ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली, दुसरी येतात. पहिलीला मूल सहा वर्षांचे पूर्ण असावे असे धोरण सांगते. म्हणजे पहिली ही आता शिक्षणाची पहिली पायरी राहिलेली नाही, चौथी झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' योजना सुरू केली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत हा तिचा हेतू, आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत धरली. तिच्यात इयत्तावार अपेक्षा दिल्या आहेत. पहिली संपताना मुलाने न शिकवलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, साधी बेरीज-वजाबाकी करावी. एवढेच. मिनिटाला इतके शब्द असा वेगाचा हिशेब दुसरीपासून येतो.

एनसीईआरटीने २०२३ मध्ये पहिलीची नवी पुस्तके काढली. हिंदीचे 'सारंगी', इंग्रजीचे 'मृदंग', आणि गणिताचे 'आनंदमय गणित'. ज्या शाळांत ही पुस्तके आहेत तिथे अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. आधी चित्रावर गप्पा, मग ओळखीचा शब्द, मग त्या शब्दातले अक्षर, मग त्या दोन-चार अक्षरांतून बनणारे आणखी शब्द. याने नुकसान होत नाही. आम्हालाही सुरुवातीला ही पद्धत पसंत नव्हती, पण वर्गात पाहिले की अशी शिकलेली मुले अनोळखी शब्दाला लवकर हात घालतात. वर्णमालेचा क्रम नंतर, शब्दकोश पाहायची वेळ येईल तेव्हा, आठवड्यात पाठ होतो.

गणितात मोजणे, लहान-मोठे, लांब-आखूड, आकार, नाणी-नोटा, आठवड्याचे वार, रांगेतला कितवा, आणि वस्तू हातात घेऊन केलेली बेरीज. पाढ्यांची घाई नाही. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचे वजन १.६ ते २.२ किलोपर्यंत असावे. प्रत्यक्षात घरचे दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघा.

अक्षर उलटे लिहिणे, कानामात्रा विसरणे, रेघेबाहेर जाणे हे या वयात चालायचेच. त्यावरून मुलाला रागावू नये. मात्र फळ्यावरचे सतत चुकीचे उतरवत असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

आमची एक चूक

वर्ग सुरू केला त्या पहिल्या वर्षी आमचा उत्साह फार. जूनमध्येच पहिलीची पाच मुले घेतली आणि मराठी अंकलिपी पहिल्या पानापासून सुरू केली. शाळेत त्याच महिन्यात हिंदी अक्षरे चालू होती. आम्हाला वाटले, दोन्हीकडून एकच लिपी होते आहे, पक्की होईल.

त्यात एक मुलगी होती, हुशार आणि अतिशय नीटनेटकी. तिला आम्ही मराठी वळणाचा ल शिकवला, दोन पाकळ्यांचा, ज्याला उजवीकडे उभी रेघ नसते. शाळेत हिंदीचा ल उजवीकडे उभ्या रेघेचा. तिने शाळेच्या श्रुतलेखनात आमचा ल लिहिला. सगळे ल चूक. तिने घरी येऊन वही दाखवली नाही, दप्तरात तळाशी ठेवली. चार दिवसांनी आईला सापडली. आई आमच्याकडे आली, रागावली नाही, पण म्हणाली, "काका, सध्या राहू दे मराठी. तिला आता दोन्ही ल लिहायची भीती वाटते." ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही. आता ती कॉलेजात आहे, मराठी बोलते छान, वाचत नाही.

शाळेची यात चूक म्हणता येत नाही, त्यांनी शिकवले होते तसे त्यांनी तपासले. घाई आमची होती. त्यानंतर आम्ही नियम केला की पहिलीच्या मुलाला दिवाळीपर्यंत मराठी लेखन नाही. तोपर्यंत फक्त ऐकणे, बोलणे, गोष्टी. इकडे शाळा १ एप्रिलला सुरू होते, मध्ये उन्हाळ्याची सुटी जाते, आणि दिवाळीपर्यंत बहुतेक मुलांची हिंदी अक्षरे आणि मात्रा हाताला बसतात. तेवढे झाले की मग फक्त फरक शिकवायचा.

ल आणि श यांच्या वळणाबद्दल महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असे म्हटले आहे. पण संगणकाच्या दृष्टीने दोन्ही ल एकच अक्षर आहे, दिसते कसे ते फॉन्टवर अवलंबून. हा लेखही काहींच्या मोबाइलवर हिंदी ल घेऊन उघडला असेल. म्हणून आमचे मत असे की इकडच्या मुलाने मराठी ल, श वाचता यावेत, लिहायचे शाळेतलेच लिहावे. तिसरी-चौथीत गेल्यावर आवडीने वळण बदलता येते.

ळ

सगळ्यात मोठा फरक या एका अक्षराचा. हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवत नाहीत. आमच्या वर्गात एका मुलाने तो प्रथम पाहिला तेव्हा म्हणाला, "हा तर झोपलेला आठ आहे." तेव्हापासून आमच्याकडे ळ ला झोपलेला आठच म्हणतात आणि कोणी विसरत नाही.

गंमत अशी की बाहेर वसलेल्या मराठी समाजात ही अडचण मुख्यतः आपल्या हिंदी मुलखातच आहे. वडोदऱ्याच्या मुलाला गुजरातीत ळ मिळतो, बेळगावच्या मुलाला कानडीत, हैदराबादच्या मुलाला तेलुगूत, गोव्यात कोंकणीत. त्यांची लिपी वेगळी शिकावी लागते (गोवा सोडून), पण कानाला ळ ठाऊक असतो. आपल्याकडे उलटे. लिपी फुकट मिळते आणि आवाज जातो. आपण घरी माळवा म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात मालवा छापलेले असते, यावरून काय ते समजावे.

ळ गेला तर बिघडते काय? शब्द बिघडतात. वेळ आणि वेल, मूळ आणि मूल, काळ आणि काल, गोळा आणि गोला, पाळी आणि पाली. "माझ्याकडे वेल नाही" असे मुलाने म्हटले तर घरात हसू होते. एक-दोनदा ठीक, पण रोज हसलात तर मूल ते वाक्य हिंदीत बोलू लागते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, एकदा नव्हे. पाहुण्यांसमोर तर अजिबात हसू नये.

शिकवायची जागा स्वयंपाकघर. डाळ, तांदूळ, गूळ, नारळ, केळे, हळद, पोळी, मुळा, भोपळा, काकडीची कोशिंबीर नको, त्यात ळ नाही! मुलाला सांगावे की आज घरातले झोपलेले आठ शोधून आण. डब्यांवर कागद चिकटवून मराठीत नावे लिहावीत. आमच्या एका सभासद वहिनींनी सगळे डबे असे केले, आणि महिन्याभरात मुलगा डाळीच्या डब्यावरून हरभरा आणि मूग वेगळे वाचू लागला. मुलाच्या किंवा नातेवाइकांच्या आडनावात ळ असेल तर त्यासारखा धडा नाही. काळे, साळवी, खळदकर अशी आडनावे शाळेत ल ने लिहिली-बोलली जातात. आपले आडनाव आपल्याला नीट म्हणता येणे ही सहा वर्षांच्या मुलाला मोठी गोष्ट वाटते.

उच्चार करवताना जीभ मागे वळवून टाळूला लावून सोडायची. काही मुलांना आधी 'ड' च्या जवळचे काही येते. येऊ द्यावे, ते ळ च्या वाटेवरच आहे.

जे लिहिलेले सारखे, पण बोललेले वेगळे

ळ निदान दिसतो. पुढचे फरक दिसत नाहीत, म्हणून ते जास्त फसवे.

च, ज आणि झ. मराठीत यांचे दोन उच्चार. चार मधला च आणि चारा मधला च वेगळा. चिमणी, चंद्र, जेवण, जीभ यांत एक. चाक, चोर, चूल, जाड, झाड यांत दुसरा, दातांजवळचा. 'माझा' म्हणताना एक झ, 'माझी' म्हणताना दुसरा. लिपीत याची काहीच खूण नाही. हिंदी शाळेतले मूल सगळे च चंद्रासारखे वाचते. हा फरक पुस्तकाने येत नाही, नियम सांगूनही नाही. फक्त कानाने येतो, आणि कान या वयात तयार असतो. म्हणून आम्ही पहिल्या सहा महिन्यांत लेखन बंद ठेवतो, पण गोष्टी ऐकवणे रोज असावे म्हणतो. आजीने सांगितलेली गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवली तरी चालेल, मात्र समोर बसून सांगितलेली उत्तम.

ऐ आणि औ हिंदीत एक आवाज, आपल्याकडे दोन जोडलेले. 'पैसा' आणि 'मैना' हे शब्द आजीकडून आणि शाळेतल्या बाईंकडून ऐका, लगेच कळेल. ज्ञ हिंदीत ग्य, मराठीत द्न्य. कृष्णाचा कृ तिकडे क्रि, इकडे क्रु. 'बॅट' हिंदीत 'बैट' लिहितात. आमच्यापैकी बँकवाल्यांनी नोकरीची सगळी वर्षे 'बैंक' लिहिलेल्या पाटीखालून ये-जा केली आणि घरी पत्रात 'बँक' लिहिले. दोन्ही बरोबर, आपापल्या घरी. मुलालाही असेच सांगावे. 'हिंदीत चूक आहे' किंवा 'शाळेत चुकीचे शिकवतात' असे कधीही म्हणू नये. सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या बाईंपेक्षा मोठे कोणी नसते, आणि दोघांत निवड करायला लावली तर ते बाईंना निवडते.

लेखनात चंद्रबिंदूचा फरक आहे. हिंदीत पाँच, दाँत, गाँव, साँप. मराठीत पाच, दात, गाव, साप. उंटाने मात्र आपला अनुस्वार ठेवला आहे. शब्दाच्या शेवटचे इ-उ हिंदीत कवि, गुरु असे ऱ्हस्व. मराठीत कवी, गुरू. हे पहिलीत दुरुस्त करू नये, वाचता आले की पुरे. दर्या आणि दऱ्या यांतला फरक तर आणखी पुढचा.

एक गोष्ट मात्र बोलण्यातच धरावी, ती म्हणजे लिंग. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. घर, झाड, फूल, पुस्तक ही 'ते' वाली सगळी मंडळी हिंदी कानाला अनाथ वाटतात. मग मूल म्हणते 'माझा घर', 'माझी पुस्तक'. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. व्याकरण सांगू नये. मूल म्हणाले "माझी पुस्तक कुठे आहे?" तर "तुझं पुस्तक ना? ते टेबलावर आहे" असे उत्तर द्यावे. इतकेच, आणि पुढे चालावे.

आकडे

हिशेब आमच्या आवडीचा, म्हणून इथे थोडे थांबतो. काउंटरवर नोटा मोजताना ग्राहकांचे ओठ हलत, त्यावरून त्यांची पहिली कोणत्या भाषेत झाली ते आम्हाला कळायचे. पन्नास वर्षे इंदुरात राहून, दिवसभर हिंदी बोलून, मोजताना 'एकेचाळीस, बेचाळीस' म्हणणारे कितीतरी होते. त्यांच्या नातवंडांचे ओठ आता 'फोर्टी वन, फोर्टी टू' म्हणतात. यात दोष नाही. पण आजीने 'भाजी पंचेचाळीसची झाली' म्हटले आणि नातवाला ती किती ते कळले नाही, तर घरातला एक धागा सुटतो.

अडचण खरी आहे. इंग्रजीत चाळीस आधी आणि दोन नंतर, जसे लिहायचे तसेच. मराठीत आणि हिंदीत दोन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. 'बेचाळीस' ऐकून मूल आधी २ लिहिते, मग ४, आणि होतात चोवीस. शिवाय प्रत्येक दशकात शब्द आपले रूप बदलतो. बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' अशी सोपी वाचनपद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ झाले ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे समजावून सांगितली होती. जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि उलटा क्रम यामुळे लहान मुले गणितालाच भितात, हा त्यांचा मुद्दा. आमच्यातही तेव्हा दोन तट पडले होते. वर्ग चालवल्यावर मात्र आम्ही मधल्या मार्गाला आलो आहोत. शिकताना 'चाळीस आणि दोन, बेचाळीस' असे दोन्ही एका दमात म्हणवून घेतो. काही आठवड्यांनी पहिला भाग आपोआप गळतो.

'एकोण' ची युक्ती मुलांना फार आवडते. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मराठीत १९ पासून ८९ पर्यंत आठही ठिकाणी हा नियम पाळला जातो. हिंदीत ७९ पर्यंत उन येते आणि ८९ ला एकदम नवासी होते. नव्याण्णव मात्र दोन्हीकडे वेगळा. हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तो शाळेत जाऊन बाईंना सांगितला आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिला म्हणायला लावले. ती त्या दिवशी उड्या मारत आली.

क्रम असा ठेवावा. दिवाळीपर्यंत दहापर्यंत, जिना चढताना, पोळ्या मोजताना. दोन, सहा, नऊ, दहा हे हिंदीपेक्षा वेगळे, बाकीचे जवळचे. होळीपर्यंत वीस. मग दशके, दहा-वीस ते शंभर. मधले आकडे दुसरीत. पहिलीतच शंभरपर्यंत मराठीत म्हणवून घ्यायचा हट्ट धरू नये.

देवनागरी अंक शाळेत फारसे येत नाहीत. त्यासाठी भिंतीवरचे मराठी कालनिर्णय पुरे. रोज सकाळी आजची तारीख दाखवायची. सुरुवातीला मूल १ ला नऊ म्हणेल आणि ४ ला आठ, कारण ते इंग्रजी आकड्यांसारखे दिसतात. पंधरा दिवसांत सरावते. दीड, अडीच, सव्वा, पावणे हे शब्द घड्याळ आणि दुधाच्या मापावरून कानावर पडू द्यावेत.

दिवाळीनंतरचे वेळापत्रक

हक्काची बाजूही माहीत असावी. राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगते. बेळगाव भागात आणि गोव्यात मराठी प्राथमिक शाळा आजही आहेत. आपल्याकडे मुलेच इतकी विखुरली आहेत की एका शाळेत एका वर्गाला पुरतील एवढी मिळणे कठीण. म्हणून कलम कितीही चांगले असले तरी काम घरी आणि रविवारच्या वर्गातच करावे लागते.

वर्ग दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो, सकाळी दहा ते अकरा. एक तासाच्या वर मुले बसत नाहीत, आणि आम्हीही. पहिले चार रविवार ळ चे. नंतर डब्यांवरची, दुकानांवरची, लग्नपत्रिकेवरची नावे वाचणे. जानेवारीपासून बालभारतीचे पहिलीचे पुस्तक. ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते, पण छापील प्रत हातात असली की मूल जास्त रमते. पुण्याहून कोणी येणार असेल तर मंडळाला कळवावे, आम्ही मागवतो. मूल हिंदी आधीच वाचत असल्यामुळे या पुस्तकात ते झपाट्याने पुढे जाते. महाराष्ट्रातल्या मुलाला ज्याला वर्ष लागते ते इकडे दोन-तीन महिन्यांत होते, हे पाहून पालकांना आश्चर्य वाटते. वाटायला नको, निम्मे काम शाळेने करून ठेवलेले असते.

परीक्षा घेत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक आजी, आजोबा किंवा मावशी-आत्या यांनी मुलाला एक पत्र लिहून आणायचे. चार-पाच वाक्ये, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरे शक्यतो टाळून, आणि निदान तीन झोपलेले आठ घालून. मूल ते सगळ्यांसमोर न वाचता बाजूला बसून स्वतः वाचते आणि मग लिहिणाऱ्याला तोंडी उत्तर देते. ज्यांचे आजी-आजोबा इथे नाहीत त्यांना मंडळातले कोणीतरी लिहिते. गेल्या वर्षी एका आजोबांनी पत्रात लिहिले होते, "बाळ, माझा चष्मा कुठे ठेवला आहेस?" मुलाने वाचले, काही न बोलता उठला आणि खिशातून चष्मा काढून दिला.

येताना मुलाची शाळेची हिंदी वही आणावी, नवी वही नको. वर्गात पुढे काय घ्यायचे ते आम्ही तिच्यावरूनच ठरवतो.